काकीच्या डाव्या तर्जनीचा गुन्हा

माझ्या काकीवर अन्याय झाला. गेल्या लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी, सकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी, आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत, तिसरीच्या वर्गात झाला. वेळ इतकी नेमकी सांगू शकते, कारण मोबाईल बाहेर ठेवायला लावला होता आणि रांगेत उभं राहून बघण्यासारखं भिंतीवरच्या घड्याळाशिवाय काहीच नव्हतं. ते घड्याळ पाच मिनिटं पुढे असतं असं गावात म्हणतात. मग सात पंचेचाळीस धरा. अन्याय तेवढाच राहतो.

आधी मी कोण ते सांगते. मी रत्नागिरीत राहते आणि पत्रकं काढते. आम्हा पाच जणींचा एक गट आहे. आम्ही कुठल्याच पक्षाच्या नाही, त्यामुळे सगळ्या पक्षांचा आमच्यावर सारखाच राग आहे. बंद केलेली एसटीची फेरी, बाजारात बायकांसाठी नसलेली मुतारी, जिथे काही खटकलं तिथे आमचं पत्रक. माझं मराठी शाळेत जेवढं झालं, त्याहून जास्त या पत्रकांनी केलं. अन्याय कुणावर आणि कधी, हे पहिल्या ओळीत. काय पाहिजे, ते शेवटच्या ओळीत. मधे जागा उरली तर विशेषणं.

माझं नाव मात्र अजून गावच्या यादीत आहे. गाव रत्नागिरीपासून एसटीने तासाभरावर, डोंगराच्या पोटाला. घरात काकी एकटी असते. काका मुंबईला, एका इमारतीच्या फाटकावर. शिमग्याला आणि गणपतीला येतात, बाकीच्या वेळी फोनवरून काकीला शेतीतलं शिकवतात. काकी "हो हो" म्हणते आणि तिला हवं ते करते. उतारावर काजूची वीसबावीस झाडं आहेत. हंगामात ती हिरव्या बिया फोडून ओले काजूगर काढते, पानात बांधते आणि रत्नागिरीच्या बाजारात नेऊन विकते. बाजारातल्या बायका तिला ओळखतात, तिच्या तोंडाला घाबरतात.

या काकीला मतदानाचं एक जुनं दुखणं होतं. मागच्या खेपेला ती मतदानाला गेली तर यादीत नावच नाही. मधल्या काळात मुलीच्या बाळंतपणासाठी ती मुंबईला सातआठ महिने राहून आली होती, तेवढ्यात कुणीतरी चौकशीला आलं, दाराला कुलूप बघितलं आणि तिला "कायमची स्थलांतरित" करून टाकलं. केंद्रावरचे साहेब म्हणाले, "तुम्ही मुंबईला असता." काकी म्हणाली, "मी हितं तुमच्यासमोर हाय." साहेब म्हणाले, "यादीत नाही." आणि काकी घरी आली. काकी, जिच्या तोंडाला बाजार घाबरतो, ती गप्प घरी आली. त्याचाच तिला राग होता. साहेबांचा नव्हे, स्वतःचा.

मग तिने नाव परत घालायचं मनावर घेतलं. अर्ज भरला. तहसील कचेरीत तीन खेपा घातल्या. चौथ्या खेपेची वेळ आली नाही, कारण तिसऱ्या खेपेला ती डबा घेऊनच गेली होती आणि "काम होईपर्यंत बसतंय" म्हणाली. पुढे कार्ड टपालाने घरी आलं. फोटो बघून म्हणाली, "हा माज्या सासूचा फोटू हाय." पण तांदळाच्या डब्यात नीट जपून ठेवलं.

म्हणजे हे मत तिने कमावलेलं होतं. एवढं लक्षात ठेवा.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मी घरी पोचले, तर काकी ओटीवर कागदांचा बाजार मांडून बसली होती. आधारकार्ड, बँकेचं पासबुक, रेशनकार्ड, गॅसचं पुस्तक, विजेचं बिल, कसलीतरी पावती आणि काकांचा शाळा सोडल्याचा दाखला.

"हे काय गो काकी?"

"तुज्याच कागदात लिवलंय ना. किती झाले बघ. सात झाले. पाच कमी पडतायत."

मी हसले. म्हटलं, "अगं, तुझं मतदानाचं कार्ड आहे ना? तेवढं एक पुरे."

"खरं?"

"खरं."

"मग लिवताना कशाला रडवतंस लोकांना?" असं म्हणून तिने सगळे कागद पिशवीत कोंबले. मी त्या वाक्याचा विचार केला नाही. मला वाटलं काकी आहे, गमतीने बोलते. मतदानाला काय आणायचं ते सांगणारं ते पत्रक माझंच होतं, आणि आपलं पत्रक आपण पुन्हा वाचत नाही.

सकाळी सातला आम्ही निघालो. शाळेच्या अलीकडे दुकानात मोबाईल ठेवला. मी पत्रकांचा उरलेला गठ्ठाही तिथेच ठेवला, कारण केंद्रापासून शंभर मीटरच्या आत कागद वाटताना दिसलं की पोलीस आधी कागद घेतात आणि मग वाचतात. बायकांची रांग वेगळी होती. पंधरावीस जणी होत्या. काकी माझ्या पुढे.

आत गेल्यावर काय होतं ते ज्यांनी अजून मत दिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, घाबरण्यासारखं काही नाही. पहिल्या टेबलावर कार्ड बघतात, यादीत नाव शोधतात आणि अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने वाचतात, म्हणजे पक्षांचे प्रतिनिधी बसलेले असतात त्यांनाही ऐकू जातं. दुसऱ्या टेबलावर डाव्या हाताची तर्जनी बघतात, शाई लावतात, सही किंवा अंगठा घेतात. मग यंत्र. एवढंच.

पहिल्या टेबलावर काकीचं पूर्ण नाव वाचलं गेलं. लग्नात मिळालेलं, कागदावरचं, तीन शब्दी. ते मी जन्मात पहिल्यांदा मोठ्याने ऐकलं. काकीनेही बहुधा पहिल्यांदाच, कारण ही कोण बाई म्हणून ती मागे वळून बघायला लागली.

"तुम्हीच ना?" पहिल्या टेबलावरचे विचारत होते.

"असेन," काकी म्हणाली.

ते पार पडलं. दुसऱ्या टेबलावर एक बाई होत्या, शाईची बाटली घेऊन. म्हणाल्या, "डावा हात." काकीने हात पुढे केला. बाईंनी तो बघितला, बोट जरा उलटसुलट केलं आणि मान वळवून केंद्राध्यक्षांना हाक मारली, "सर, जरा इकडे बघता का?"

सर आले. पन्नाशीचे, घाटावरचे. बोलण्यावरूनच कळत होतं, आणि चेहरा आदल्या दिवशीच्या प्रवासाने आंबलेला होता. त्यांनी चष्मा वर करून काकीचं बोट बघितलं.

"मावशी, तुमचं मतदान झालंय."

"कुटं?"

"ते तुम्ही सांगायचं. बोटाला शाई आहे की."

"ती शाई नाय. काजू हाय."

"काय?"

"काजू."

सरांनी काजू हा शब्द आयुष्यात बशीतच बघितला होता, हे स्पष्ट दिसत होतं. पांढरा, खारवलेला, पाहुण्यांपुढे ठेवलेला. त्याने कुणाचं बोट काळं कसं होईल?

तर ते असं होतं. काजूच्या बीच्या सालीत चीक असतो. तो जिथे लागतो तिथे उततो, कातडं भाजतं, काळं पडतं, मग सोलवटतं, आणि हंगाम संपल्यावरही महिना महिना जात नाही. फोडणारीच्या उजव्या हातात सुरी असते आणि डाव्या हातात बी. बी धरतात अंगठ्याने आणि तर्जनीने. म्हणजे सगळा चीक बरोबर डाव्या तर्जनीवर, नखापासून पहिल्या पेरापर्यंत उतरतो. शाई लावायला हात, बोट आणि जागा ज्याने कुणी ठरवली, त्याने आमच्या बायकांना न विचारता ठरवली.

काकीने उजवा हातही पुढे केला. "हा बघा. हा पण काळा हाय. हा आंगठा बघा. हे मधलं बोट. सर, किती मतं दिली म्हणता मी? सहा की सात?"

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. सर हसले नाहीत. "हे बघा मावशी, डाव्या तर्जनीला खूण असेल तर मतदान करू देता येत नाही. नियम आहे. माझ्या हातात नाही."

"तुमच्या हातात नाय, माज्याच हातात हाय ना. ते धुवायला मी आठ दिवस घासतंय."

खोलीच्या कडेला बाकावर दोन पक्षांचे प्रतिनिधी बसले होते. दोघे सख्खे चुलतभाऊ. शिमग्यात पालखी आधी कुणाच्या दारात न्यायची यावरून त्यांच्यात वाजलं होतं आणि तेव्हापासून एकमेकांशी बोलत नव्हते. त्यातला एक म्हणाला, "सर, तो काजूचा चीक आहे." आणि दुसरा, सवयीने विरोध करायला तोंड उघडून, अडला आणि म्हणाला, "हो, काजूच आहे." शिमग्यापासूनचं त्यांचं हे पहिलं एकमत.

"तुम्ही मतदाराच्या बाजूने बोलू नका," सर म्हणाले.

"बाजूने कुठे बोलतोय? काजूबद्दल बोलतोय."

आता माझी पाळी. खरं तर ती केव्हाच यायला हवी होती. पण सांगून टाकते, ही सगळी बोलाचाली चालू असताना मी दाराच्या चौकटीत उभी राहून डोक्यात नियम शोधत होते. शाईचा नियम, ओळखपत्राचा नियम, आक्षेपाचा नियम. सगळे पाठ होते, काजूचा कुठेच नव्हता. पत्रकं काढणाऱ्या माणसाची ही खोड आहे. आधी कलम सापडायला लागतं, मग कंठ फुटतो.

शेवटी म्हटलं, "सर, तुमच्या यादीत तिच्या नावापुढे खूण आहे का?"

"तुम्ही कोण?"

"पुढची मतदार."

"मग पुढचा नंबर आल्यावर बोला."

"यादीत खूण नाही, म्हणजे इथे तिने मत दिलेलं नाही. बरोबर?"

"इथे नसेल दिलं. तुमच्याकडची माणसं मुंबईला पण असतात. तिकडच्या यादीत पण नाव असतं, मला माहीत आहे."

"सर, मुंबईचं मतदान अजून व्हायचंय! पुढच्या टप्प्यात आहे!"

सरांनी शाईवाल्या बाईंकडे बघितलं. मला वाटलं जिंकले. पण आपण बरोबर आहोत हे चारचौघांत, वरच्या पट्टीत आणि उद्गारचिन्हासकट सांगितलं, की समोरचा माणूस हमखास चुकीच्या बाजूला जाऊन बसतो. सर म्हणाले, "मी क्षेत्रीय अधिकाऱ्यांना कळवतो. ते फेरीवर आहेत. ते आले की बघू. मावशी, तुम्ही घरी जा, निरोप पाठवतो."

काकीने त्यांच्याकडे बघितलं. "मागच्या टायमाला पण घरीच गेले होते," म्हणाली. मग बाहेर जाऊन व्हरांड्यात पहिलीच्या मुलांच्या बुटक्या बाकावर बसली. गुडघे हनुवटीला लागत होते. पिशवी मांडीवर घेतली.

माझा नंबर आला. मी मत दिलं. बोटाला शाई लागल्याबरोबर मला कल्पना सुचली, म्हणून मी सरांपुढे बोट धरलं. "ही शाई. जांभळी. आणि काकीचं बोट काळं आहे. फरक बघा."

सर शांतपणे म्हणाले, "बाई, जरा उन्हात जाऊन या. तासाभरात तुमचं पण काळं होईल."

हे खरं होतं. त्याचाच मला जास्त राग आला.

बाहेर येऊन मी काकीशेजारी बसले आणि लेखी तक्रार तयार करायला लागले. तोंडीच, कारण पेन दुकानात गठ्ठ्याबरोबर राहिलं होतं. "केंद्राध्यक्षांच्या मनमानी कारभारामुळे एका कष्टकरी महिलेला लोकशाहीच्या..."

"तुजं झालं?" काकी म्हणाली.

"नाही, अजून..."

"मग ऱ्हाव दे. वाडीवर जा. कोण कोण मताला यायचं ऱ्हायलंय बघ. सगळ्यांना आत्ताच घेऊन ये. आणि सांग, हात धुवू नका. खोबरेल लावू नका. चुलीतली राख लावून घासू नका. हायत तसे आणा."

मला दोन क्षण लागले. मग कळलं, आणि इतकं हसू आलं की व्हरांड्यातल्या पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मला पाच वर्षांत असं आंदोलन सुचलं नव्हतं.

शाळेपासून आमची वाडी कातळावरून वीस मिनिटं. मे महिना, सकाळचे साडेआठ, आणि पायाखालचा जांभा आताच तव्यासारखा तापायला लागलेला. मी जवळजवळ पळतच गेले. डोक्यात घोषणा तयार होत होत्या. पहिल्याच घरी मालकीण अंगणात बसून बिया फोडत होती. काकीच्याच वयाची, काकीची बाजारातली जोडीदारीण.

"मताला आलीस नाय काकी?" मी विचारलं. वाडीत सगळ्याच काक्या.

"नाय बाय. आमी नाय येत."

"का?"

"आमच्याकं बारा कागद नायत."

"कसले बारा कागद?"

ती उठली, आत गेली आणि कोनाड्यातून माझं पत्रक घेऊन आली. चांगलं जपून ठेवलेलं, घडी करून. तिने ते उघडून माझ्यासमोर धरलं आणि मी ते छापल्यानंतर पहिल्यांदा वाचलं.

वर मोठ्या ठळक अक्षरात: "मतदानाला येताना हे बारा पुरावे सोबत आणा!"

खाली यादी. आधारकार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, फोटो असलेलं पासबुक, वाहन परवाना, पॅनकार्ड, पासपोर्ट, आणि अशीच बारापर्यंत.

मूळ मजकूर मी असा लिहिला होता: "मतदार ओळखपत्र नसल्यास खालील बारांपैकी कोणताही एक पुरावा सोबत आणा." पण तो एका ओळीत मावेना. दोन ओळींचा मथळा मला मेंगळट वाटतो. म्हणून मी कापला. कापता कापता "नसल्यास" गेलं, "कोणताही एक" गेलं. उद्गारचिन्हाला मात्र जागा उरली.

"आधार हाय," ती बोटं मोजायला लागली. काळी बोटं. "पासबुक हाय. जॉबकार्ड हाय. बाकी नाय. पासपोर्ट कुटून आणू? मी रत्नागिरीच्या पुढं गेले नाय. आणि ह्यो बघ हितं काय लिवलंय. आमदार-खासदाराचं ओळखपत्र. आता मताच्या दिवशी मी आमदार कुटून होऊ?"

ते खरंच यादीत असतं. आमदारांनाही मत द्यायला ओळख लागतेच. मी अधिकृत यादी जशीच्या तशी उतरवली होती, कारण आम्ही माहितीत काटछाट करत नाही. काटछाट फक्त अर्थात करतो.

"काकी," मी म्हटलं, "चूक माझी आहे. एकच पुरे. बारातला एक. तुमचं मतदानाचं कार्ड असेल तर बाकी काहीच नको. कार्ड नसेल तर आधार चालेल, फोटोचं पासबुक चालेल. फक्त नाव यादीत पाहिजे."

"आणि घरी ती चिठी आणून दिलीन, ती?"

"ती चिठ्ठी नंबर शोधायला. नुसत्या चिठ्ठीवर मत देता येत नाही. चिठ्ठी आणि एक कार्ड."

तिने पत्रक घडी करून माझ्या हातात दिलं. मग शेजारच्या घराकडे तोंड करून तिने जी हाक मारली ती खालच्या वाडीपर्यंत गेली असेल. "गो, ऐकलंस काय! एकच कागद पुरे म्हणते ही! बारा हिनेच लिवले आणि अकरा हिनेच खाल्ले!"

घराघरांतून बायका बाहेर आल्या. मी प्रत्येक अंगणात उभी राहून तेच सांगत गेले आणि प्रत्येक अंगणात शिव्या खात गेले. एकीने विचारलं, "किती शिकलंस गो बाय तू?" मी सांगितलं. म्हणाली, "तरीच." दुसरीने तर पासपोर्ट काढायला किती दिवस लागतात याची मुंबईच्या मुलाकडे फोन करून चौकशी केली होती. काकीने आदल्या संध्याकाळी ओटीवर जे सांगितलं, तेच सांगणं होतं हे सगळं. मी हसले होते. सकाळपासून मी सरांवर जे जे विशेषण तयार केलं होतं, "बेजबाबदार", "सामान्य महिलांना मताधिकारापासून वंचित ठेवणारे", ते सगळं एकेक करून माझ्या मापाचं निघालं. सरांनी एक बाई अडवली होती. मी अख्खी वाडी घरी बसवली होती, तीही ठळक अक्षरात.

अकरा जणी निघाल्या. "हात धुवू नका," मी सांगितलं आणि काकीचा निरोप दिला. त्यावर जे हसणं उठलं ते कातळ संपेपर्यंत चाललं. एकजण तर मुद्दाम परत जाऊन दोन बिया फोडून आली.

शाळेत पोचलो तेव्हा साडेनऊ झाले असतील. काकी त्याच बाकावर. क्षेत्रीय अधिकारी अजून कुठल्यातरी दुसऱ्या गावात होते. बायका रांगेत लागल्या. पहिलीचं कार्ड बघितलं, नाव वाचलं. दुसऱ्या टेबलावर हात पुढे. शाईवाल्या बाईंनी बोट बघितलं आणि मग सरांकडे बघितलं.

सर आले. "तुमचं पण...?"

"काजू," ती म्हणाली.

मागची म्हणाली, "माजं पण काजू." तिच्या मागची हात वर करून, "हे बघा सर, काजू." दारापर्यंतची सगळी रांग डावे हात पुढे करून उभी राहिली. शाळेत नखं तपासताना उभं करतात तशी. अकरा तर्जन्या, नखापासून पेरापर्यंत काळ्या.

बाकावरचा एक भाऊ म्हणाला, "सर, साडेनऊच्या आत एवढ्या जणी दुसरीकडे कुठे मतदान करून आल्या असतील?"

दुसरा म्हणाला, "आणि आल्या असतील तर आमच्या पक्षाला त्यांना नेऊन आणणारी बस कुठली ते कळलं पाहिजे."

सरांनी चष्मा काढला. पुसला. पहिलीचं बोट पुन्हा बघितलं, नाकाजवळ नेलं. शाईवाल्या बाईंना म्हणाले, "ओलं फडकं द्या." स्वतः घासून बघितलं. कातड्याचा एक पापुद्रा निघून फडक्याला आला, आणि ती "स्स" म्हणाली. सरांनी हात चटकन सोडला.

"दुखतं का हो?"

"हंगामभर," ती म्हणाली.

त्यांनी फडकं टेबलावर ठेवलं. मग दारात आले आणि व्हरांड्याकडे बघून म्हणाले, "मावशी, आत या."

काकी उठली नाही. "साहेब आले तुमचे?"

"नाही आले. मीच बोलावतोय. या."

"काजू हाय ना तो?"

"काजू आहे."

"मोठ्यानं बोला. मगाशी शाई मोठ्यानं बोललात."

सर घाटावरचे खरे, पण माणूस बरा. त्यांनी खरंच आवाज चढवून, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "मावशींच्या बोटाला काजू आहे, शाई नाही!"

काकी आत गेली. शाईवाल्या बाईंनी काडी बुडवून तिच्या नखावर आणि कातड्यावर रेघ ओढली. रेघ दिसेना. दुसऱ्यांदा ओढली. काळ्यावर काळं. बाई म्हणाल्या, "सर, शाई लावलीये, पण कळतच नाहीये."

"आता नाय लावली म्हणून परत मत देऊ?" काकीने विचारलं.

"मावशी, जा हो आता यंत्राकडे," सर हात जोडून म्हणाले.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती गेली. बटण दाबल्यावर शेजारच्या पेटीत काचेमागे आपल्या मताची चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पडते. लांब शिटी वाजली. काकी बाहेर आली तेव्हा दहा वाजायला आले होते. शाळेच्या घड्याळाने दहा वाजून गेले होते.

"सात शेकंद बोललीस ना तू? मी मोजले. नऊ झाले."

"तू भराभर मोजलंस."

"मला काय घाई? तीन खेपा घातल्या मी. मी सावकाश मोजले."

"कुणाला दिलंस?"

"तुज्या कागदात लिवलंय ना, गुप्त ठेवायचं? की ते पण चुकलंय?"

अकराही जणींनी मत दिलं. त्यातल्या चौघींनी आधारकार्डावर, दोघींनी पासबुकावर, बाकीच्यांनी मतदानाच्या कार्डावर. कुणालाही दुसरा कागद विचारला नाही. मी दाराबाहेर उभी राहून मोजत होते. प्रायश्चित्त म्हणा.

इथपर्यंत ही गोष्ट मी रत्नागिरीत बऱ्याच जणांना सांगितली आहे. इथे सगळे हसतात आणि चहा मागवतात. पण ती इथे संपली नाही.

आम्ही निघताना शाईवाल्या बाई पाणी प्यायला व्हरांड्यात आल्या. खालच्या आवाजात मला म्हणाल्या, "सकाळी सातलाच एक आजी आल्या होत्या. रांगेत पहिल्याच. त्यांचंही बोट असंच होतं. सरांनी नाही म्हटल्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत. कार्ड पदरात बांधलं आणि गेल्या. त्यांना बोलवता येईल का?"

आम्हाला कळलं त्या कोण. खालच्या वाडीतल्या, एकट्या राहणाऱ्या. मी पळत गेले. दाराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं की मत देऊन तशाच आठच्या एसटीने लेकीकडे खेडला जायचं त्यांनी ठरवलं होतं, आणि त्या गेल्या. फोन त्यांच्याकडे नाही. लेकीचा नंबर कुणाकडेतरी होता, तो लागला तेव्हा त्या अजून गाडीतच होत्या, आणि पोचल्यावर परत फिरायला उलटी गाडी, ऊन, वय, सहाच्या आत येणं, ते काही झालं नाही. त्यांचं मत त्या खेपेला गेलं. काळं बोट घेऊन गेलं.

मी परत येऊन सातच्या रांगेत कोण कोण होतं ते शोधलं. सहा बायका होत्या, आणि शेजारी पुरुषांची रांग होती. सगळ्या ओळखीच्या. सगळ्यांनी त्यांना परत फिरताना बघितलं होतं. सगळ्यांना काजू माहीत होता. मी विचारलं, कुणी काही बोललं का नाही? एक म्हणाली, "आमाला वाटलं काय तरी कारण असेल." दुसरी म्हणाली, "साहेब मोठे." बाकावरचे दोन्ही भाऊही तेव्हा तिथेच होते. त्यातल्या एकाने खाली बघून सांगितलं, "सातला आमचं ते यंत्र तपासून सह्या करायचं चाललं होतं." दुसऱ्याने मान हलवली.

मी त्यांना बोलणार होते, पण बोलू कुठल्या तोंडाने? काकीच्या वेळी मीही चौकटीत उभी राहून कलम शोधत होतेच की. आणि काकी काकी आहे म्हणून बसून राहिली. आजींना बुटकं बाक कुणी दाखवलं नाही.

पुढचं पत्रक मी काढलं तेव्हा मथळा दोन ओळींचा ठेवला. "मतदार ओळखपत्र, किंवा ते नसेल तर बारांपैकी कोणताही एक पुरावा." उद्गारचिन्ह नाही. छापायला देण्याआधी काकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बोटाचं कुटं लिवलंयस?" मग बोटाचंही लिहिलं. काजूचा चीक म्हणजे शाई नव्हे, कुणी अडवलं तर यादीत आपल्या नावापुढे खूण आहे का ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत घरी जाऊ नका.

पण पत्रक वाचणारी बाई एकटीच उभी असते टेबलापुढे. तिच्या मागे रांग असते. आणि त्या रांगेत तुम्ही असता.

म्हणून मागणी तुमच्याकडे आहे. पुढच्या मतदानाला तुमच्या पुढची बाई मत न देता मागे वळली, तर तिला वाट करून देऊ नका. तिला थांबवा, "का परत चाललीस?" असं तिला विचारा, आणि तेच टेबलामागच्या माणसाला, मोठ्याने, तिथल्या तिथे विचारा.